बँकॉकमध्ये एकटीने एक सोमवार: राजवाडा, वाट फो, वाट अरुण कसं बसवावं?

खिडकीची_जागा

नमस्कार मंडळी. सिंगापूरहून मुंबईला परतताना बँकॉकला थांबते आहे. रविवारी रात्री उशिरा सुवर्णभूमी विमानतळावर उतरेन आणि सोमवारी रात्री ११:३० चं विमान तिथूनच आहे. हॉटेल सीलोम भागात, साला डेंग स्टेशनजवळ. एकटीच आहे. शाकाहारी, अंडं चालतं, पण मासे-कोळंबी अजिबात नाही.

यादी अशी केली आहे: राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ), राष्ट्रीय संग्रहालय, सोन्याचा बुद्ध, आणि संध्याकाळी चायनाटाउनमधला यावरात रस्ता. एवढं एका दिवसात जमेल का? कोणत्या क्रमाने? आणि जाण्यायेण्याला बोट बरी की मेट्रो?

घाटमाथा

सोमवार आहे म्हणून यादी आपोआप छाटली जाते. राष्ट्रीय संग्रहालय सोमवार-मंगळवार बंद असतं. यावरातच्या रस्त्यावरच्या गाड्या बऱ्याचशा सोमवारी लागत नाहीत, म्हणजे जे बघायला जायचं तेच नसणार. दोन्ही काढून टाका. सोन्याचा बुद्ध (वाट त्राइमित) हुआ लाम्फोंग मेट्रोजवळ आहे, तो वाटेत बसवता येतो, पण मी बसवणार नाही. राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण नदीच्या एकाच वळणावर आहेत, आणि तिन्ही नीट पाहायला अख्खा दिवस लागतो. चौथं ठिकाण घुसवलं की वाट अरुणला पोचेपर्यंत पायातला जीव गेलेला असतो.

क्रम ठरवायचा तो उन्हाकडे बघून. राजवाडा सकाळी ८:३० ला उघडतो आणि तिकीटविक्री दुपारी ३:३० ला थांबते. आवारात सावली फार कमी, फरशी तापते, आणि दहानंतर बसभरून गट येऊ लागतात. म्हणून पहिला राजवाडाच, आणि उघडायच्या वेळेलाच दारात.

जाताना बोट घ्या. साला डेंगहून बीटीएसने (पुलावरून धावणारी रेल्वे) साफान ताक्सिन, मधली तीन स्टेशनं सोडून चौथं. खाली उतरलं की साथोर्न धक्का. तिथे निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीचं तिकीट विकणारे हाका मारतील. ती बोट वाईट नाही, पण एका फेरीला साधारण दुप्पट पैसे जातात. तुम्हाला हवी नारिंगी झेंड्याची साधी बोट, १६ बाट, कुठेही उतरा. पत्र्याची लांब नळी खडखडवत वाहक येतो, त्याला सुटे द्या. बोट धक्क्याला जेमतेम टेकते आणि लगेच सुटते, तेव्हा एक धक्का आधीच उठून मागच्या बाजूला उभं राहायचं. उतरायचं ‘था चांग’ या धक्क्यावर, पाटीवर एन ९. अर्धा तास धरा. ७:४० पर्यंत साथोर्नला असलात तर निवांत पोचाल.

मेट्रोने सीलोमहून सनाम चाय पाचवं स्टेशन, वेळ कमी लागतो. पण ते वाट फोच्या बाजूला निघतं आणि राजवाड्याचं पर्यटकांचं दार उत्तरेला, ना फ्रा लान रस्त्यावर आहे. म्हणजे राजवाड्याच्या भिंतीला वळसा घालून पंधरा-वीस मिनिटं चाल. याच पट्ट्यात ‘आज बंद आहे’ सांगणारे भेटतात, त्यावर खाली कोणीतरी लिहीलच. म्हणून जाताना बोट, परतताना मेट्रो.

सध्याची तिकिटं: राजवाडा ५००, वाट फो ३००, वाट अरुण २०० बाट. म्हणजे प्रवेशालाच हजार बाट. बाट साधारण अडीच-तीन रुपयांचा धरा.

वेळा अशा: ८:३० ते ११ राजवाडा, मग दक्षिणेकडे चालत वाट फो, साधारण १२:४५ पर्यंत. १ ते ३ जेवण आणि थंड जागा. ३:३० ला था तिएन धक्क्यावरून ५ बाटची होडी, पलीकडे वाट अरुण, ५ पर्यंत. होडीने परत या आणि अलीकडच्या काठावरून वाट अरुणमागे मावळणारा सूर्य बघा. वाट अरुण नदीच्या पश्चिमेला असल्याने सूर्यास्त बघायची जागा पूर्व काठच. वाट अरुणच्याच आवारात थांबलात तर सूर्य पाठीमागे जातो. डिसेंबरात मावळतीची वेळ सहाच्या जरा आधी, जुलैत पावणेसातच्या आसपास.

दशमुख

घाटमाथांचा क्रम बरोबर आहे. त्यात एकच भर: या तिन्ही ठिकाणी रामायण आहे, आणि ज्याने लहानपणी कीर्तनात किंवा आजीकडून रामकथा ऐकली आहे त्याला इथे गाइड लागत नाही. बहुतेक लोक पाचूच्या बुद्धाचं दर्शन घेऊन, सोनेरी स्तूपासमोर फोटो काढून निघतात आणि भोवतालच्या ओवऱ्यांकडे बघतही नाहीत. त्या आवाराची खरी श्रीमंती तिथे आहे.

वाट फ्रा केओला, म्हणजे राजवाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळाला, चारही बाजूंनी झाकलेली ओवरी आहे. तिच्या आतल्या भिंतीवर रामकियन, म्हणजे थायलंडचं रामायण, १७८ चित्रांत रंगवलं आहे. सुरुवात उत्तरेकडच्या भिंतीच्या मधल्या दारापाशी. जनक राजाला सीता सापडते तो प्रसंग शोधा आणि तिथून प्रदक्षिणेच्या दिशेने चालत राहा. सकाळी ऊन वाढलं तरी ओवरीत सावली असते, हा वेगळा फायदा.

ओळखायच्या खुणा: राम (फ्रा राम) हिरव्या अंगाचा, लक्ष्मण सोनेरी-पिवळा, हनुमान पांढरा. रावणाला तोत्साकान म्हणतात, तोही हिरवाच, पण डोक्यांची उतरंड आणि राक्षसी चेहरा यांवरून रामाशी गल्लत होत नाही. सगळी १७८ बघायला गेलात तर दुसरं काही उरणार नाही. दोन-तीन प्रसंग मुद्दाम शोधा. एक, प्रचंड झालेला हनुमान रामाचा मंडपच तोंडात धरून बसतो तो. आपल्याकडच्या महिरावणाची ही कथा, तिथे त्याचं नाव मैयाराप. दुसरा, सेतू बांधताना सोनेरी मत्स्यकन्या दगड पळवते तो. ती तोत्साकानाची मुलगी, आणि हनुमानाला तिच्यापासून मुलगा होतो. आपला मारुती ब्रह्मचारी, त्यांचा नाही. तसंच त्यांची सीता जन्माने तोत्साकान आणि मंदोदरीची मुलगी. नदीत सोडलेली, ती जनकाला मिळते. हे आधी माहीत असेल तर पहिल्याच चित्रापाशी कथा उलगडू लागते.

आवाराच्या दारांशी उभे असलेले उंच यक्षही रामकियनमधलेच. त्यांतला हिरवा तोत्साकान आणि पांढरा सहस्रतेज (साहत्सदेचा) नीट बघून ठेवा, कारण हीच जोडी दुपारी वाट अरुणच्या दाराशी पुन्हा भेटते.

वाट फोत सगळे थेट झोपलेल्या बुद्धाकडे धावतात. ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच मूर्ती आहे, तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हं, ती पाहायलाच हवीत. पण नंतर मुख्य मंदिराच्या, म्हणजे उबोसोतच्या, बाहेरच्या जोत्याला फेरी मारा. तिथे संगमरवरात कोरलेले १५२ रामकियन-पट आहेत, गुडघ्याच्या उंचीवर, त्यामुळे लोक त्यांच्या बाजूने न बघता निघून जातात. वाट अरुणच्या मधल्या शिखरावर कोनाड्यांत ऐरावतावर बसलेला इंद्र आहे. त्यांचा ऐरावत, एरावन, चित्रांत आणि शिल्पांत बहुधा तीन डोक्यांचा असतो. शिखराचं नक्षीकाम चिनी बशा आणि वाट्यांच्या तुकड्यांचं आहे. ते दुरून कळत नाही, अगदी जवळ जा. पायऱ्या फार उभ्या आहेत, उतरताना कठडा धरा.

पाचूचा बुद्ध पाचूचा नसून हिरव्या जेड दगडाचा आहे आणि जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच. उंच आसनावर असल्याने लहान दिसतो, त्याने निराश होऊ नका. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंची तीन वस्त्रं, आणि ती राजा स्वतः बदलतो. आत फोटो काढायला बंदी. बसायचं ते पाय मागे दुमडून. मूर्तीकडे तळवे झाले की पहारेकरी येऊन सांगतात.

ताकपिठलं

जेवणाचं बोलते. तिथे ‘भाज्या घाला, मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मासळीचं पाणी (नाम प्ला) हे तिथलं मीठ आहे, त्याला कोणी मांस समजत नाही. साध्या भाजीच्या परतलेल्या भातातही ते किंवा कालवांचा सॉस पडतो. हिरवी-लाल करी भाज्यांची असली तरी तिच्या वाटणात बहुतेक वेळा सुकटीचं कुटलेलं वाटण (कापी) असतं, आणि ते तयार आलेलं असल्याने ‘काढून द्या’ म्हणून उपयोग नाही. सोम ताम (कच्च्या पपईची कोशिंबीर) आणि पाड थाय (परतलेल्या नूडल्स) यांत वाळलेली कोळंबी असते.

खात्रीची खूण म्हणजे पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं เจ हे चिन्ह, उच्चार ‘चे’. फोनमध्ये चित्र ठेवा. हे चिनी बौद्ध पद्धतीचं जेवण: मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही, कांदा-लसूणही नाही. हेच चिन्ह सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या पाकिटांवरही असतं. जैन मंडळींनी मात्र कंदमुळांचं वेगळं विचारावं, बटाटा-गाजर त्यात चालतं. झेंडा नसलेल्या ठिकाणी ‘माय साय नाम प्ला खा’ म्हणजे मासळीचं पाणी नको. पुरुषांनी शेवटी ‘खा’ऐवजी ‘ख्रप’ म्हणायचं.

तुमच्या दिवसात दुपारी सर्वांत सोपं म्हणजे सनाम चायहून मेट्रोने एकच स्टेशन, साम योत. तिथून थोडं चालून फाहुरात. हा बँकॉकचा भारतीय कापडबाजार. आसपास शाकाहारी उत्तर भारतीय जेवण मिळतं आणि मोठा गुरुद्वाराही आहे. तिथला लंगर सकाळचा, दुपारी त्याच्या भरवशावर जाऊ नका. परतताना पुन्हा एकच स्टेशन.

गोडात आंबा आणि चिकट भात बिनधास्त खा, त्यात नारळाचं दूध, साखर आणि मीठ. मार्च ते मे आंबा उत्तम असतो.

खिडकीची_जागा

फार उपयोगी, संग्रहालय आणि यावरात काढलं. कपड्यांचं नेमकं काय? कुर्ता-लेगिंग चालेल का? आणि एकटीने टुकटुक घ्यावी का? विमानतळावर परतायचं कसं तेही सांगा.

घाटमाथा

राजवाड्यातले नियम तिन्ही ठिकाणांत सर्वांत कडक. खांदे झाकलेले, पाय घोट्यापर्यंत झाकलेले. लेगिंगला लिखित मनाई आहे. लांब कुर्त्याखाली कधी सोडतीलही, पण रांगेच्या टोकाला जाऊन परत फिरायचा धोका कशाला? सलवार किंवा पलाझो घाला, सुती असेल तर उन्हातही बरं. बिनबाह्यांच्या कपड्यावर ओढणी घेतलेली चालत नाही, बाही शिवलेलीच हवी. फाटक्या जीन्स आणि पारदर्शक कापड नाही. चपला काढता-घालता येतील अशा, आणि वाट फोत त्या पिशवीत घालून सोबत न्यायच्या असतात. बौद्ध भिक्षूंना बायकांनी स्पर्श करायचा नाही. बोटीत त्यांच्यासाठी राखलेल्या जागेपाशी उभ्या राहू नका.

राजवाड्याच्या तिकिटातच आवारातलं राणी सिरिकित वस्त्रसंग्रहालय येतं. वातानुकूलित आहे आणि गर्दी कमी. ११ वाजता बाहेर पडायच्या आधी अर्धा तास तिथे घालवा. पैठणी-हिमरू ओळखणाऱ्या माणसाला तिथलं थाई रेशीम बघायला मजा येईल.

सुटे_पैसे

टुकटुक आणि ठकबाजीचं. राजवाड्याच्या भिंतीलगत नीटनेटक्या कपड्यांतला माणूस अदबीने सांगतो, ‘आज सण आहे, दुपारपर्यंत बंद’, आणि लगेच २०-४० बाटमध्ये तीन देवळं फिरवणारी टुकटुक हजर असते. त्या फेरीत एखादं रत्नांचं किंवा सूट शिवणारं दुकान येतंच, चालकाला तिथून दलाली मिळते. रत्नं ‘भारतात दुप्पट भावाने विकाल’ म्हणून गळ्यात मारतात. राजघराण्याचा सोहळा असेल तर राजवाड्याचा काही भाग खरंच बंद असतो, पण ते आदल्या रात्री अधिकृत संकेतस्थळावर बघायचं. रस्त्यावरच्या माणसाचं ऐकायचं नाही. थांबू नका, बोलू नका, दारापर्यंत चालत जा.

या दिवसात टुकटुक कुठेच लागत नाही. गाडी लागलीच तर ग्रॅब किंवा बोल्ट ॲपवरून, भाडं आधी दिसतं. टॅक्सी घेतलीत तर ‘मीटर’ म्हणा, नाही म्हणाला तर पुढची.

पैसे: मेट्रोच्या फाटकावर संपर्करहित व्हिसा-मास्टरकार्ड थेट टेकवता येतं, पण कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करा. बीटीएस वेगळी कंपनी, तिचं तिकीट वेगळं. बोट, होडी आणि टपऱ्यांना रोख लागते, २० च्या नोटा जपा. एटीएम परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी दोनशेहून अधिक बाट कापतं, म्हणून एकदाच काढा. पडद्यावर ‘रुपयांत रूपांतर करू का’ विचारलं की नाही म्हणायचं, तो दर तुमच्या बँकेपेक्षा वाईट असतो.

विमानतळ: सामान हॉटेलात ठेवून जा. सूर्यास्तानंतर सनाम चायहून मेट्रोने सीलोम. सामान घेऊन ७:३० पर्यंत निघा. सीलोमहून मेट्रोच्या त्याच निळ्या मार्गाने फेचाबुरी, तिथून पादचारी पुलाने मक्कासान, आणि एअरपोर्ट रेल लिंकने २५ मिनिटांच्या आत सुवर्णभूमी. संध्याकाळी ६ ते ७:३० डबे भरलेले असतात, मोठी बॅग असेल तर त्याच्या नंतरची गाडी. टॅक्सीने जायचं तर द्रुतगती मार्गाचा टोल तुम्ही भरायचा. विमानतळावरून शहरात येताना मीटरवर ५० बाट जास्त द्यावे लागतात, जाताना नाही. जाताना मागितले तर देऊ नका.

आणि निघण्यापूर्वी: १ मे २०२५ पासून थायलंडचं डिजिटल आगमनपत्र सक्तीचं आहे. उतरण्याआधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरायचं, फुकट आहे. पैसे मागणारं पान दिसलं तर ते सरकारी नाही. व्हिसाचे नियम भारतीयांसाठी अलीकडे बदलत आले आहेत, तिकिटाच्या तारखेप्रमाणे दूतावासाच्या पानावर ताजे बघून घ्या. सोबत कोणी ई-सिगारेट देत असेल तर घेऊ नका, तिथे ती बेकायदा आहे.

दशमुख

मे ते ऑक्टोबर असेल तर दुपारी ३ नंतर मोठी सर येऊ शकते. तेव्हा क्रम उलटा करा: वाट फोनंतर लगेच होडीने वाट अरुण, आणि जेवण व फाहुरात त्यानंतर. वाट अरुणच्या उभ्या पायऱ्या ओल्या झाल्या की निसरड्या होतात.