युरियाच्या लिंकिंगचा (युरियासोबत दुसरी वस्तू घ्यायची सक्ती) तो व्हिडिओ व्हायरल केला, बरोबर की चूक?

तापीकाठ:
मागच्या आठवड्यात आमच्या तालुक्यातला ३८ सेकंदांचा एक व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला. शेतकरी युरिया मागतोय आणि काउंटरवरचा माणूस म्हणतोय की सोबत ही बाटली घ्यावीच लागेल, नाहीतर गोणी नाही. खाली लिहिलेलं, "शेतकऱ्याला लुटणारा हाच तो, चेहरा लक्षात ठेवा." तो मालक नाही, माझा मावसभाऊ आहे, पगारावर काम करणारा. पुढे तो म्हणतो, "दादा मलापण पटत नाही, मालकांशी बोला, हा घ्या नंबर," नेमकं तेवढंच कापलं. आता रात्री दोन वाजता अनोळखी नंबरवरून शिव्या येतात, मुलगी शाळेत जायला तयार नाही, आणि मालकाने दुसऱ्याच दिवशी यालाच घरी बसवलं. मालकाचं नाव कुठेच नाही. लिंकिंग चूकच आहे, पण एका गरिबाचं तोंड जिल्हाभर दाखवून काय मिळवलं?

कापूसवाला:
भो, तुमच्या भावाचं वाईट वाटलं, खरंच. पण आमचं पण ऐका ना. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, गोणीवर छापेल आहे, मशीनवर आधारचा अंगठा पण आम्हीच लावतो, तरी नको असलेली बाटली गळ्यात मारतात आणि बिलावर दोन्ही वस्तू अशा दाखवतात की जशी काय मी मर्जीनेच घेतली. दोन वर्षांपूर्वी मी लेखी अर्ज दिला होता, पोच घेतली, तीन चकरा मारल्या, उत्तर आलं तोवर बोंडं फुटून वेचणी सुरू झालेली. या व्हिडिओनंतर दुसऱ्या दिवशी तपासणीची गाडी आली आणि चार दिवस सगळीकडे सरळ युरिया मिळाला. मोबाईल नसता तर आमचं कोण ऐकणार होतं?

पांझरेचं_पाणी:
मी धुळ्याच्या साक्री तालुक्यातला. "चेहरा लक्षात ठेवा" वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा बाजार. मंगळवेढ्याकडून आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, पोट भरायला आलेली. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून मोबाईलवर आधीच हवा झालेली होती, त्यांना ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कोंडून मारलं, पाचही गेले. त्या वर्षी देशभर फिरलेली एक क्लिप तर कराचीतल्या जनजागृतीच्या व्हिडिओतून कापलेली होती, मूळ व्हिडिओत पळवलेलं पोरगं शेवटी परत आणून सोडतात, तो शेवट उडवला आणि खरी घटना म्हणून फिरवली. त्याच महिन्यात व्हॉट्सॅपने एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड अशी मर्यादा आणली, पण गेलेली माणसं गेली. इथे पण शेवटच कापला ना?

कापूसवाला:
राईनपाड्याशी तुलना नका करू. ती अफवा होती, इथे माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतोय. सगळंच एका तागडीत तोलायचं तर उद्या कोणी तोंडच उघडणार नाही, आणि ते त्या मालकाला पाहिजेच आहे.

भुलाबाईची_लेक:
मी कापूसवाल्या दादांच्या बाजूने अर्धी आहे. २०१८ला मीटूमध्ये बायका स्वतःवर झालेल्या लैंगिक छळाबद्दल लिहू लागल्या तेव्हा पण लोक हेच म्हणायचे की पोलिसात का नाही गेल्या, एवढी वर्षं काय केलं. पत्रकार प्रिया रमाणींनी ज्याचं नाव घेतलं त्याने त्यांच्यावर बदनामीची फौजदारी केस केली, १७ फेब्रुवारी २०२१ला दिल्लीच्या कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं आणि सांगितलं की बाईला तिची तक्रार तिला वाटेल तिथे, कितीही वर्षांनी मांडता येते. जिला कुठेच दाद मिळत नाही तिला ही जागा लागतेच. पण रमाणींसारख्या बायकांनी ज्याने त्रास दिला त्याचंच नाव घेतलं, स्वतःच्या नावानिशी. इथे व्हिडिओ टाकणाऱ्याचं नाव नाही, मालकाचं नाव नाही, नाव-चेहरा फक्त सगळ्यात खालच्या माणसाचा. आणि त्या भावाच्या पोरीचं काय? माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिचा भांडतानाचा फोटो कोणीतरी स्टेटसला ठेवला, फोटो एका दिवसात उतरला पण तिने दहावीची परीक्षा दुसऱ्या गावाहून दिली. आज तिशीची आहे, अजून लग्नाकार्यात कोणी मोबाईल वर केला की तोंडावर पदर घेते.

पांझरेचं_पाणी:
आणि बदनामीचा कायदा दोन्हीकडून लागतो हे लक्षात असू द्या. आधी दंड संहितेचं कलम ४९९-५०० होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. खरं आणि लोकांच्या भल्याचं असेल तर संरक्षण आहे, पण खरं म्हणजे पूर्ण खरं, कापलेलं नाही.

तापीकाठ:
पूर्ण रेकॉर्डिंग मिळालं आज, १ मिनिट ५२ सेकंदांचं. ज्याने काढलं त्यानेच दिलं, तो म्हणतो मी पूर्णच टाकलं होतं, मधल्या कोणीतरी कापलं. भाऊ काल जेवताना म्हणत होता की पहिल्या दिवशीच त्या शेतकऱ्याला गुपचूप गोणी दिली असती तर बरं झालं असतं. त्याला मी काय सांगू?

कापूसवाला:
भो, खरं सांगतो, कापलेलं मी पण सात ग्रुपवर फॉरवर्ड करेल आहे, न पाहता, फक्त युरिया शब्द वाचून. पूर्ण क्लिप मला पाठवा, त्याच सातही ग्रुपवर टाकतो आणि खाली लिहितो की हा माणूस नोकर आहे. पण व्हिडिओ काढणं मी सोडणार नाही, पुढच्या वेळी बिल आणि दुकानाची पाटी काढेन. त्या मालकाने बाटलीसहित दिलेलं बिल कोणाकडे असेल तर इथे सांगा, सोमवारी तालुक्याला जातोय, सोबत घेऊन जातो.