आल्बनीजवळ कॉलेजची आइस हॉकी: आई-बाबांना कुठला सामना दाखवू?

मेघना_आल्बनी
आई-बाबा मिरजेहून आलेत, जानेवारीअखेर परत जातील. बाबा तरुणपणी रेल्वेकडून हॉकी खेळायचे (आपली, मैदानावरची). आता त्यांना एकदा बर्फावरची बघायचीच आहे. एनएचएलची (इथली व्यावसायिक लीग) तिकिटं झेपणारी नाहीत. जवळ ट्रॉयचं आरपीआय आणि स्केनेक्टडीचं युनियन ही दोन कॉलेजं आहेत. बाकी सगळे खेळ डिव्हिजन तीनमध्ये (सगळ्यात खालची पातळी, खेळाची स्कॉलरशिप नसते), फक्त हॉकी डिव्हिजन एकमध्ये (सगळ्यात वरची). आम्ही पाच जण, खाण्यासकट 100 डॉलर, गाडीने अर्ध्या तासाच्या आत. आईचे गुडघे दुखतात, फार पायऱ्या नकोत. कुठे नेऊ?

ट्रॉयकर
आरपीआय, डोळे झाकून! मी तिथलाच. ह्यूस्टन फील्ड हाउस म्हणजे मुळात नौदलाचं गोदाम. ऱ्होड आयलंडहून आणून 1949 मध्ये ट्रॉयला उभं केलं. 1954 आणि 1985, दोनदा राष्ट्रीय विजेते. 85 च्या संघात पुढे एनएचएल गाजवणारा अ‍ॅडम ओट्स होता. 'बिग रेड फ्रीकआउट'ची (वर्षातला खास घरचा सामना) तिकिटं काढा, सगळं स्टेडियम लाल होतं. दुसरं काही बघूच नका.

खडूस
फ्रीकआउट बहुधा फेब्रुवारीत असतो. तोवर काका-काकू मिरजेत पोचलेले असतील. धागा वाचून उत्तर द्यायची पद्धत बंद झाली का?

शेनेक्टडीकर
युनियनलाच जा. तेव्हा जेमतेम सव्वादोन हजार विद्यार्थी, खेळाची स्कॉलरशिप शून्य, तरी 2014 ला फिलाडेल्फियात अंतिम सामन्यात मिनेसोटाला 7-4 ने लोळवलं. मी तिथे होतो. तिकीट, हॉटेल, पार्किंग धरून बराच खर्च झाला, पण वसूल.

ट्रॉयकर
85 ला आम्ही पण प्रॉव्हिडन्सला 2-1 ने हरवलं होतं.

शेनेक्टडीकर
तुमच्याकडे स्कॉलरशिप होत्या हो. 2004 च्या एनसीएए (कॉलेज खेळांची संघटना) अधिवेशनात डिव्हिजन तीनवाल्यांनी, एखादाच खेळ डिव्हिजन एकमध्ये खेळणाऱ्या आपल्यातल्या कॉलेजांच्या त्या बंद करायचं काढलं होतं. आरपीआय, क्लार्क्सन, सेंट लॉरेन्स, कोलोरॅडो कॉलेज, जॉन्स हॉपकिन्स वगैरे आधीपासून स्कॉलरशिप देणारी मंडळी धावपळ करून वाचली. आम्हाला नि रॉचेस्टरच्या आरआयटीला 2022 पर्यंत ती मुभाच नव्हती. बिनपैशाचं जिंकणं वेगळं असतं.

बाल्टिमोरची_सून
हॉकी कशाला, वर्षभर थंडीच थंडी! एप्रिलमध्ये आमच्याकडे या. जॉन्स हॉपकिन्सचं लॅक्रॉस (जाळीच्या काठीने खेळतात ते) बघा, पुरुषांची नऊ एनसीएए विजेतेपदं आहेत. होमवुड फील्डवर छान ऊन असतं, काकूंच्या गुडघ्यांनाही बरं.

खडूस
एप्रिल. बाल्टिमोर. अर्धा तास. चालू द्या.

उत्तरध्रुव
खरी हॉकी बघायची तर हॉटनला, मिशिगन टेक. आम्ही बाकी खेळांत डिव्हिजन दोन, हॉकीत एक. तीन विजेतेपदं: 1962, 65, 75. वर्षाला 200 इंचांच्या आसपास बर्फ पडतं. थंडी बघायची तर पुरती बघा. जॅकेट मात्र चांगलं घ्या, मी साडेचारशे डॉलरचं घेतलं, अजून नवंकोरं आहे.

ओंकार_पॉट्सडॅम
मेघनाताई, जरा कामाचं सांगतो. अगदी काचेला लागून बसू नका. पलीकडच्या टोकाला चकती कुठे गेली ते कळतच नाही, आणि बाबा हॉकीवाले आहेत, त्यांना पास बघायचे असणार. आठ-दहा ओळी वर, मध्यरेषेच्या आसपास बसा. पण मग पायऱ्या येतात. म्हणून तिकीट खिडकीला आधी फोन करून पायऱ्या नसलेल्या जागा मागा. बसायला जाड घोंगडं न्या, सिमेंटची थंडी बुडातून चढते. तीन पिरियड वीस-वीस मिनिटांचे, मध्ये बर्फ गुळगुळीत करणारं झँबोनी फिरतं. तेवढ्यात आईंना चहा. आत थर्मास नेऊ देतात का तेही फोनवर विचारा.

पुणेरी_स्टिक
बाबांना हे आवडेल असं वाटत नाही. स्टिकवर्क कमी, धडकाधडकी फार. आमच्या खडकीला एके काळी काय हॉकी व्हायची!

ओंकार_पॉट्सडॅम
कॉलेजात मारामारी केली तर सरळ बाहेर काढतात आणि पुढचा सामनाही जातो. सगळ्यांच्या तोंडावर जाळी असते. एनएचएलसारखं नाही.

शिल्पा_के
+1 ओंकार. चकती काचेवरून प्रेक्षकांतही येते. एका रिंकवर माझ्या नवऱ्याच्या हातातली नाचोजची प्लेट उडाली. वर दहा डॉलर पार्किंग. तेव्हापासून आम्ही टीव्हीवर बघतो.

ट्रॉयकर
घोंगडं न्या, पायऱ्यांची चौकशी करा, चकतीकडे लक्ष ठेवा. आणि आरपीआय.

खडूस
पहिल्या तीन गोष्टी कुठे वाचल्यासारख्या वाटतात.

मेघना_आल्बनी
सगळ्यांचे आभार. ठरलं! शनिवारी दुपारी युनियनच्या मुलींचा सामना, पाहुण्या पॉट्सडॅमच्या क्लार्क्सन कॉलेजच्या मुली. इथे कोणीच सुचवला नाही. तिकिटं इतकी स्वस्त की पाच जणांचं जेवणही शंभरात बसतंय. मुलींच्या खेळात मुद्दाम अंगावर जाऊन धडक मारायला बंदी आहे, म्हणजे बाबांना पास आणि स्टिकवर्क दिसेल. ओंकार, तुझ्या गावच्या मुलींची माहिती काढली: 2014, 2017, 2018 अशी तीन विजेतेपदं, आणि 2014 ला अंतिम सामन्यात त्यांनीही मिनेसोटालाच हरवलंय, 5-4 ने. फोनवर पायऱ्यांचं विचारलं, दारातून सरळ जाता येईल अशा जागा दिल्या. आईने थालीपीठं करायला घेतलीत. ती आत चालतील का, हे मात्र विचारायचं राहिलं.

शेनेक्टडीकर
म्हणजे शेवटी युनियनच.

ट्रॉयकर
मुलींचा सामना आरपीआयलाही असतो.

उत्तरध्रुव
मुलींची हॉकी असेल तर मिनेसोटा डुलुथ बघा, पाच विजेतेपदं. हॉटनहून जवळच आहे, चार-पाच तास.