केबलवाल्याला लुटारू म्हणणाऱ्यांनी आधी हिशोब ऐकावा

सेलूचा वायरवाला:
काल एका भावानं इथं लिहिलं, "केबल मेली ते बरं झालं, गल्लीबोळातले लुटारू संपले, आता मोबाईलवर पाहिजे ते पाहिजे तेव्हा बघा." रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबलं. माझ्या थोरल्या भावानं १९९८ पासून सेलूत केबल चालवली आणि मी त्याच्यासोबत खांबावर चढलोय. कापसानं भरलेली गाडी रस्त्यावरून गेली की वरची वायर तुटायचीच. मग मालिकेच्या टायमाला फोनवर फोन. एकानं शिडीवर टॉर्च धरायची, दुसऱ्यानं वायरचं काळं रबर दातानं सोलायचं, जाळी मागं दुमडायची, मधली तार नखभर बाहेर ठेवून पिन दाबायची. जाळीचा एक केस जरी त्या तारेला टेकला तरी सगळ्या गल्लीच्या टीव्हीत मुंग्या. पावसात पण हेच.

आता पैशाचं. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचा, म्हणजे टीव्ही-फोनवाल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवा नियम लागला. १०० चॅनलचे १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पेड चॅनलचे पैसे त्याच्यावर वेगळे. मोठ्या चॅनलवाल्यांनी एकेका चॅनलला १९ रुपये लावले. ते पैसे ब्रॉडकास्टरला जायचे आणि दारात उभं राहून शिव्या खायचा माझा भाऊ. ६०० घरं होती आमची, आता १४० राहिली. लुटारूचं घर असं असतंय का?

नांदेडची लेक:
दादा, तुमच्या भावाचे कष्ट मी नाकारत नाही, पण तुम्ही फक्त वायरीच्या बाजूनं बघताय. आमच्या घरात टीव्ही एक आणि रिमोट सासऱ्यांच्या हातात. सकाळी बातम्या, दुपारी बातम्या, रात्री मॅच. लग्नाला अकरा वर्षं झाली तोपर्यंत मी माझ्या मनानं एक चॅनल लावला नव्हता. मग मोबाईल आला, डेटा स्वस्त झाला, आता रात्री भांडी झाली की ओट्याला टेकून कानात वायर घालून अर्धा तास माझं मी बघते. तो अर्धा तास मला कुठल्या केबलनं दिला नाही. त्यामुळं केबल गेली म्हणून मला रडायला सांगू नका.

परभणीकर:
तुमचं दोघांचं पण अर्धंच खरंय. ओटीटीनं, म्हणजे नेटवर मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या ॲपनं, केबल मारली हे शहरातलं बोलणं झालं. आमच्या जिंतूर तालुक्यात खेड्यात जाऊन बघा, पत्र्यावर डीडी फ्री डिशची छत्री दिसते. एकदाच पैसे भरले की महिन्याचं काही नाही, मग कामून देईल माणूस केबलला पैसे? शहरातली पोरं गेली ती मॅचपायी. २०२३ ला आयपीएल जिओ सिनेमावर फुकट दाखवली, त्या दोन महिन्यांत माझ्या भाच्यानं घरचा बॉक्स बंद करून ठेवला तो परत चालूच केला नाही.
आणि लुटारू शब्द मला पण पटत नाही, पण पावती कुठं होती हो? २००५ च्या आसपास आमचा केबलवाला एक तारखेला यायचा, पैसे खिशात घालायचा, वहीत काय लिहायचा ते त्यालाच माहीत. एकदा दिलेले पैसे त्यानं पुन्हा मागितले आणि आईनं "दिलेत" म्हणल्यावर ऐन फायनलच्या दिवशी कनेक्शन काढून गेला. वीस वर्षं झाली, मी विसरलो नाही.

गंजगोलाई, लातूर:
अहो पण लोकल चॅनलचं कुणीच कसं बोलेना? खालची पट्टी आठवा की. कुणाचं निधन झालं, अंत्यविधी किती वाजता, दहावीचा निकाल, आणि सगळ्यात मोठं म्हणजे उद्या पाणी कुठल्या भागाला. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, टाक्यांभोवती १४४ कलम होतं, तेव्हा माझ्या वडिलांकडं साधा बटणाचा फोन होता. ते पट्टीसमोर बसायचे आणि टँकरचा चौक दिसला की आम्ही घागरी घेऊन पळायचो. हे कुठलं ॲप करतंय?

टीव्ही सेंटर, संभाजीनगर:
व्हॉट्सॲप ग्रुप करतोय! दोन मिनिटांत. आमच्या इकडच्या पट्टीवर पाणी कमी आणि नेत्यांचे वाढदिवस जास्त असायचे.

गंजगोलाई, लातूर:
ग्रुपवर तर चार जण चार टायमिंग टाकतात आणि म्हातारी माणसं हंडे भरायची राहतात. माझ्या मावशीचं मागच्या उन्हाळ्यात असंच झालं, नळ येऊन गेला आणि ती देवळात.

टीव्ही सेंटर, संभाजीनगर:
मग दोष ग्रुपचा का नळाचा? जायकवाडी उशाला असून आम्ही आठ-आठ दिवस नळाची वाट बघितलीय. चार बॅरल गच्चीवर, दोन बाथरूममध्ये, पाहुणे येणार म्हणले की बायको आधी बॅरलात वाकून बघते. आणि तुम्ही पट्टी गेली म्हणून रडताय!

गंजगोलाई, लातूर:
तुमच्या उशाला धरण तरी आहे. आम्ही रेल्वेचं पाणी पिलंय, आम्हाला पाण्याचं शिकवू नका.

नांदेडची लेक:
रेल्वेचं असो का धरणाचं, ते भरायला उठतं कोण? पहाटे चारला नळ आला तर घरातला एक पुरुष तरी उठतो का, खरं सांगा. पट्टी वाचायला सगळे, हंडा उचलायला आम्ही.

परभणीकर:
ताईंच्या या बोलण्यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण बाकीच्यांनो, धागा केबलचा आहे, पाण्याचा वेगळा काढा.

टीव्ही सेंटर, संभाजीनगर:
काढू वेगळा. तोपर्यंत मूळ लेखकानं सांगावं, नेट कुणाचं वापरता?

सेलूचा वायरवाला:
आमचंच. भावानं कर्ज काढून फायबर टाकलं, त्याच खांबांवरून. आता नेट गेलं की फोन त्यालाच येतो. माझ्या सासऱ्यांचे एका ॲपनं वर्षाचे पैसे कापले, त्यांनी बंद करायचं बटण शोधण्यात तीन दिवस घातले, बोलायला माणूस नाही, शेवटी माझा भाऊ घरी जाऊन बंद करून आला.
ताई, तुमचा अर्धा तास मी हिसकावत नाही, माझ्या बायकोनं पण वाचून तुमचीच बाजू घेतली. परभणीकर, पावती द्यायला पाहिजे होती. आम्ही पण २०१० पर्यंत देत नव्हतो, ते चूकच होतं. पण 'लुटारू' लिहिणाऱ्यानं तो शब्द मागं घ्यावा, त्याच्याशिवाय मी इथून हलणार नाही.