सरकारी दवाखान्यात दातांचं इम्प्लांट मिळायला हवं का?

निळीशाई:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून विचारते. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, तोंडात एकही दात नाही. कवळीला चार वर्षं झाली, वरची नीट बसते पण खालची बोलताना सुद्धा उचलली जाते, हिरडीला फोड येतात, चारचौघांत जेवायला बसणं त्यांनी बंदच केलंय, सगळं पातळ करून गिळतात आणि वजन उतरत चाललंय. सरकारी दवाखान्यात नेलं तर तिथल्या डॉक्टर चांगल्या होत्या, नीट तपासलं आणि म्हणाल्या की खालचं हाड झिजलंय, नवी कवळी करून देते पण तीही हलणारच, इम्प्लांटने, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावले तर फरक पडेल पण ते इथे होत नाही.
घरी आल्यापासून एकच विचार येतोय. मोतीबिंदू झाला की डोळ्यात लेन्स बसवून देतात, त्याला कोणी चैन म्हणत नाही, मग चावता येणं ही चैन कशी? का यामागे दुसरं काही कारण आहे? माहीतगारांनी सांगा प्लीज.

कवळीवाली:
ताई, चैन अजिबात नाही. मी दंतवैद्य आहे, कवळ्या बनवण्यातच माझी बरीच वर्षं गेली. इम्प्लांट म्हटलं की लोकांना तोंडभर स्क्रू आणि त्यावर पक्के दात एवढंच डोळ्यासमोर येतं, पण सासूबाईंना तेवढं लागणारच नाही बहुतेक. खालच्या जबड्यात पुढे, साधारण सुळ्यांच्या जागी फक्त दोन इम्प्लांट घालायचे आणि कवळी त्यावर टिचबटणासारखी बसवायची, काढता घालता येते आणि जेवताना उचलली जात नाही. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत तज्ज्ञ जमले होते, त्यांनी स्पष्ट म्हटलं की खालच्या बिनदाताच्या जबड्यासाठी नुसती कवळी हा आता पहिला पर्याय मानू नये, दोन इम्प्लांटवरची कवळी मानावी.
खालचीच का हलते ते पण सांगते. वरच्या कवळीला टाळूचा मोठा आधार असतो, ती चिकटून राहते. खाली जागा अरुंद, त्यात जीभ सतत हलणार. आणि दात गेले की जबड्याचं हाड झिजायला लागतं, ते खाली वरच्यापेक्षा जास्त झिजतं. म्हणून उशीर जितका जास्त तितकं काम अवघड. आणि ही काही नवी गोष्ट नाहीये, टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनचे ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवर काम करताना दिसलं, १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला बसवलं आणि त्या माणसाचे इम्प्लांट ४० वर्षांच्या वर टिकले.

पायवाट७:
मी सार्वजनिक आरोग्यात काम करतो, कवळीवाली मॅडमचा आदर ठेवून थोडं वेगळं बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात तोंडाच्या आजारांचे जगभरात सुमारे साडेतीन अब्ज लोक दिलेत, आणि साठीच्या पुढच्यांत जवळपास २३ टक्के लोकांना एकही दात नाही. हे दात एका रात्रीत गेले नाहीत. कीड लागली, वेळेत भरली नाही, रूट कॅनाल मिळालं नाही, शेवटी काढून टाकला, असं एकेक करत गेले. तिथे पैसा न घालता थेट इम्प्लांट सुरू करणं म्हणजे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी.
जपानने १९८९ मध्ये ऐंशीव्या वर्षी २० दात शाबूत ठेवायची मोहीम सुरू केली, तेव्हा त्या वयात दहात एक जण पण तसा नव्हता, २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून थोडे जास्त निघाले. असं काम लाखो लोकांपर्यंत पोचतं, इम्प्लांट एका वेळी एकाच तोंडापर्यंत.

निळीशाई:
दादा पटतंय, पण ज्यांचे दात आधीच गेले त्यांनी काय करायचं? सासूबाईंना आता फ्लोराइडची पेस्ट देऊन काय उपयोग. पुढच्या पिढीचे दात वाचवा म्हणून या पिढीने उपाशी राहायचं का?

पायवाट७:
नाही, तसं म्हणायचं नव्हतं, बोचलं असेल तर माफ करा. एक दात गेला म्हणून सरकारी खर्चाने इम्प्लांट, याला माझा विरोध आहे, मागची एखादी दाढ नसली तरी बहुतेकांचं नीट चालतं. पण खालचा पूर्ण जबडा रिकामा असणारे, तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबडा कापला गेलेले, जन्मतः दात कमी असलेले यांना मिळायलाच हवं. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत पण सरसकट देत नाहीत, अशा निवडक कारणांसाठीच देतात.

दुपारचंऊन:
एक अनुभव सांगतो कारण हे कुणी बोलत नाही. वडिलांचे इम्प्लांट एका खाजगी क्लिनिकमध्ये झाले, बसवलं आणि विषय संपला, नंतर कशी सफाई ठेवायची, किती महिन्यांनी दाखवायचं हे कोणी बजावलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्यात त्यांची शुगर वर आणि सिगारेट चालू. सात वर्षांनी भोवती पू, हाड खाल्लं गेलं, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले कोणत्या कंपनीचं, कोणत्या मापाचं आहे ते सांगा, जोड त्याच सिस्टीमचा लागतो. आमच्याकडे एक चिठ्ठी नव्हती. शेवटी दोन काढावे लागले, आणि वडील महिनाभर कुणाशी नीट बोलले नाहीत.
सरकारने द्यावं, जरूर द्यावं, पण बसवल्यानंतरची दहा-पंधरा वर्षं कोण बघणार ते आधी ठरवून.

कवळीवाली:
दुपारचंऊन, तुम्ही अगदी नेमकं बोट ठेवलंत. स्वीडनमध्ये इम्प्लांट होऊन नऊ वर्षं झालेल्यांना तपासलं तर साधारण सातात एकाला मध्यम किंवा गंभीर हाडझीज होती, आणि तिथली दंतसेवा चांगली आहे. शिवाय टिचबटणातल्या नायलॉनच्या रिंगा सैल पडतात, अधूनमधून बदलाव्या लागतात, साधं दहा मिनिटांचं काम पण ते करणारं माणूस जवळ हवं ना.
निळीशाई ताई, आधी शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट काढा. हाडं ठिसूळ होतात म्हणून काही इंजेक्शन किंवा गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं डॉक्टरांना आठवणीने सांगा, त्यावर पुढचं बरंच ठरतं. आणि दंत महाविद्यालयात विचारा, शिकवण्याच्या विभागात हे बऱ्याच ठिकाणी करतात. तोवर खालच्या कवळीला आतून मऊ अस्तर लावून मिळेल, फोड कमी होतील.

निळीशाई:
हाडाची गोळी चालू आहे, आठवड्यातून एकदा घेतात, हे त्या डॉक्टरांना सांगायचंच राहिलं. सोमवारी पाकीट घेऊनच जाते. आणि अस्तराचं आत्ताच सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या उद्याच जाऊ का.