बाबांचं नाक कायम चोंदलेलं – ओपीडीतच 'आरएफ' करून घ्यावं का?

देवगडची_लेक: बाबा ५८ वर्षांचे, आमची हापूसची बाग आहे. ४ वर्षं रात्री नाक बंद. मोहोरावर फवारणी सुरू झाली की त्रास वाढतो. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब घातल्याशिवाय झोपच लागत नाही. डॉक्टर म्हणाले, नाकातलं मांस वाढलंय, जागा बधिर करून खुर्चीतच आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेने मांस आकसवणं) करू, त्याच दिवशी घरी. बाबा अ‍ॅडमिट व्हायला तयार नाहीत, म्हणून हा मार्ग बरा वाटतो. कुणाचा अनुभव?

कुडाळकर: मी कोल्हापुरात करून घेतलं. आधी औषधात भिजवलेला कापूस, मग इंजेक्शन, ते चांगलंच झोंबतं. नंतर सुई आत घालून मांस आतून आकसवतात. पाऊण तासात बाहेर. पण पहिला आठवडा नाक आधीपेक्षा जास्त बंद, खपल्या धरतात. मोकळं वाटायला महिना गेला. त्याच दिवशी घाट उतरू नका ताई, एक रात्र तिथेच राहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

ओपीडीतली_सिस्टर: मी कान-नाक-घसा विभागात परिचारिका आहे. ताई, आधी ते थेंब! आठवड्याहून जास्त घातले की थेंबांमुळेच नाक चोंदतं. ते सुटल्याशिवाय मांस खरंच किती वाढलंय ते कळणार नाही. स्टेरॉइड स्प्रे रोज, निदान महिनाभर मारायला हवा. नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाकडे हवं. बहुतेक जण इथेच चुकतात.

आरएफ चांगलंच आहे. पूर्वी मांस कापून काढायचे, जास्त गेलं तर नाक कायमचं कोरडं पडायचं. यात वरचं अस्तर बरंचसं शाबूत राहतं. मात्र हाड वाकडं असेल तर ते याने सरळ होत नाही. पाणीच गळत असेल तर नाकाच्या मागच्या नसेवर गोठवण्याचा उपाय आहे, अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. बलूनने सायनसची तोंडं रुंदावतात, नुसत्या चोंदण्यावर त्याचा उपयोग नाही. बाबांना यातलं नेमकं काय आहे, ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

देवगडची_लेक: हे कुणीच सांगितलं नव्हतं सिस्टर. पण थेंब एकदम कसे बंद करू? रात्रभर बसून राहतील.

ओपीडीतली_सिस्टर: डॉक्टरांना विचारून स्प्रे सुरू करा आणि थेंब आधी एकाच नाकपुडीत बंद करा. ती बाजू मोकळी झाली की मग दुसरी.