हायस्कूलमध्येच ऑनलाइन कॉलेज क्रेडिट घ्यावं का?

बे_एरियाची_आई
नमस्कार मंडळी, आम्ही कॅलिफोर्नियात, लेक यंदा दहावी संपवतेय. काउन्सेलर म्हणाल्या उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजचा ऑनलाइन सायकॉलॉजी घे, ३ युनिटं म्हणजे क्रेडिटं मिळतील आणि युनिटमागे ४६ डॉलर फी असते ती हायस्कूलच्या मुलांना माफ आहे. पोरगी एका पायावर तयार, धाकधूक मलाच. आम्ही दोघं भारतात शिकलो, वार्षिक परीक्षा आणि मार्कशीट एवढंच माहीत. ही क्रेडिटं पुढे खरंच चालतात का, आणि एपी (हायस्कूलमधलेच कॉलेज पातळीचे कोर्स आणि त्यांची परीक्षा) असताना हे कशाला?

दोन_मुलांचा_बाबा
ताई, आमच्या थोरल्याने केलंय म्हणून सांगतो. उन्हाळ्याचा कोर्स म्हणजे अख्ख्या सेमिस्टरचा अभ्यास ६ आठवड्यांत, बुधवारी डिस्कशनची पोस्ट, रविवारी रात्री ११:५९ ला क्विझ बंद म्हणजे बंद. आम्ही मधेच आठवडाभर फिरायला गेलो, तिथे नेट धड नाही, दोन क्विझ गेल्या. मी प्रोफेसरला ईमेल केला तर उत्तर आलं की मी फक्त विद्यार्थ्याशीच बोलू शकते. कॉलेजच्या कोर्सला फेर्पा कायद्याने (विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणारा कायदा) हक्क मुलाकडे जातात, वय १५ असलं तरी. शेवटी सी ग्रेड आला. एपीला स्कोअर वाईट आला तर बहुतेक ठिकाणी पाठवायचा की नाही हे आपल्या हातात असतं, इथे मात्र तो सी कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (ग्रेडची अधिकृत नोंद) कायमचा बसला आणि यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) अर्जात लिहावाच लागला. चूक आमची होती, त्याची नाही, अजून मनाला लागतं ते. ड्रॉपच्या शेवटच्या तारखा दोन असतात, एक काहीच नोंद न होता सुटायची आणि दुसरी डब्ल्यू (कोर्स मधेच सोडल्याची नोंद) घेऊन सुटायची, दोन्ही पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर टाका.

काउन्सेलिंगवाली
वरचं अगदी खरं, पण घाबरून सोडू पण नका. असिस्ट डॉट ऑर्ग या वेबसाइटवर तो कोर्स यूसी-सीएसयूला (सीएसयू म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) ट्रान्सफर होतो का ते आधी बघा. होत असेल तर यूसी एका सेमिस्टरचा कॉलेज कोर्स हायस्कूलच्या वर्षभराच्या कोर्ससारखा धरते आणि जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) एपीसारखाच जादा पॉइंट देते. खाजगी आणि राज्याबाहेरच्या कॉलेजांचं मात्र प्रत्येकाचं वेगळं, काही जण हायस्कूल ग्रॅज्युएशनसाठी वापरलेला कोर्स पुन्हा मोजतच नाहीत. आणि कुणी क्लेप (कोर्स न करता नुसती परीक्षा देऊन कॉलेज क्रेडिट) सुचवलं तर एक लक्षात ठेवा, सीएसयू घेते, यूसी क्लेपला क्रेडिट देत नाही.

ज्युनिअर_इयर
मी स्वतः हायस्कूलमध्ये ४ कोर्स केलेत, आता प्रीमेड आहे, म्हणजे पुढे मेडिकलला जायचंय. काकू, मेडिकलला अर्ज करताना एएमकॅसला (मेडिकल कॉलेजांचे अर्ज घेणारी सेवा) हायस्कूलमधले कॉलेज कोर्सेस ग्रेडसकट द्यावे लागतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं. नशिबाने माझे चांगले होते. मुलगी तिकडे जाणार असेल तर केमिस्ट्री-बायो आत्ता ऑनलाइन घेऊ नका असं माझं मत, सायकॉलॉजी चालेल. आणि प्रोफेसरला ईमेल तिलाच लिहू द्या, पहिल्या आठवड्यापासून.

बे_एरियाची_आई
खूप खूप आभार सगळ्यांचे. बघितलं, कोर्स ट्रान्सफर होतोय. जुलैचं लग्नाला जाणं मी आणि हे दोघंच करतोय, ती आजीकडे राहील. आत्ताच तिला बसवून सिलॅबस वाचायला लावलाय, तारखा ती स्वतःच वहीत उतरवतेय.