ट्रम्पेटची बेल कापण्याआधी हे करून बघा

भाऊ, मेरठहून आणलेल्या ट्रम्पेटचा वरचा सूर दबतो म्हणून बेल, म्हणजे पुढचं पसरट तोंड, कापून दुसरी बसवायचा विचार लिहिलाय तुम्ही. थांबा जरा. परभणीकडं वरातीत वाजवून माझंही असंच झालं होतं, आणि दोष निघाला पाणी सोडायच्या चावीच्या बुचात! तिथून हवा गळत होती. तात्पुरता सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, वाद्य पुन्हा बोलायला लागलं.

दुसरं म्हणजे व्हॉल्व्हच्या, म्हणजे बोटांनी दाबायच्या चाव्यांच्या, फेल्ट (मऊ चकत्या). त्या दबल्या की पिस्टन, म्हणजे व्हॉल्व्हमधला वर-खाली होणारा दांडा, जरा जास्त खाली जातो, भोकं समोरासमोर येत नाहीत, आणि फुंक अडखळते. मधली स्लाइड (ओढून निघणारी नळी) काढा, दुसरा व्हॉल्व्ह दाबून धरा, बॅटरीच्या उजेडात आत बघा. भोकाची कडा चंद्रकोरीसारखी दिसली तर फेल्ट बदला. स्वस्तातलं काम आहे.

मग माउथपीस, म्हणजे ओठाला लावायचा तुकडा. त्याचं टोक आणि आतली नळी यांत थोडी फट राहते, बहुधा 3 मिलिमीटरच्या आसपास. ती कमी-जास्त झाली तरी सूर धरण्यात फरक पडतो. माउथपीसच्या दांड्याला कागदाची पट्टी गुंडाळून वाजवून बघा. फट वाढेल, पटलं नाही तर पट्टी काढून टाका. लग्नसराईची धूळ नळीत साचते, तीही कोमट पाण्यानं धुवा.

व्हॉल्व्हची जड टोपणं? मी लावली होती. मला सूर भरीव वाटला, मांडवातल्या कुणाला काही कळलं नाही.